कुलूप कुणाचं, किल्ली कुणाकडे? एन्क्रिप्शनची सुरुवात करणाऱ्यांसाठी

नेदरलँड्समधल्या नगरपालिकांच्या नोंदवह्यांत रहिवाशाच्या नावापुढे त्याचा धर्मही लिहिलेला असे. लिहिणाऱ्यांच्या मनात काळंबेरं काही नव्हतं, ती कारकुनी शिस्त होती. १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या, तेव्हा ज्यू कोण आणि ते राहतात कुठे हे शोधायला त्यांना फारसे कष्ट पडले नाहीत. २७ मार्च १९४३ ला प्रतिकार चळवळीतल्या लोकांनी अ‍ॅमस्टरडॅमचं नोंदणी कार्यालय पेटवलं, पण तोवर फार उशीर झाला होता.

म्हणून सध्याचं सरकार भलं की बुरं, हा प्रश्न इथे बाजूला ठेवू. सरकार बदलतं, कायदा बदलतो, साठवलेली माहिती मात्र राहते. ‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही’ हे वाक्य आजच्या नियमांपुरतं खरं असतं. उद्याचे नियम तुम्ही लिहिणार नाही.

एन्क्रिप्शन म्हणजे माहितीला लावलेलं कुलूप: मजकूर असा बदलायचा की किल्लीशिवाय, म्हणजे ठरावीक गुप्त संख्येशिवाय, तो वाचताच येऊ नये. पुढच्या प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारायचा आहे: किल्ली कुणाकडे आहे? ‘एन्क्रिप्शन आहे का’ हा प्रश्न अपुरा आहे, कारण हल्ली ते सगळीकडे असतं. कंपनीच्या सर्व्हरवरची तुमची फाइलही एन्क्रिप्टेड असते. तिची किल्ली कंपनीकडे असेल, तर आदेशाचा एक कागद आला की फाइल उघडते, आणि तुम्हाला कळतही नाही.

गणित मोडत नाही, माणसं मोडतात

ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने १८८३ मध्ये मांडलेलं तत्त्व आजही पहिला धडा आहे: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. त्यामुळे ‘आमची स्वतःची गुप्त पद्धत’ अशी जाहिरात दिसली की ते उत्पादन तिथेच बाजूला सारा. एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत २००१ मध्ये प्रमाण ठरली, ती खुल्या स्पर्धेतून निवडली गेली. जगभरच्या तज्ज्ञांनी ती फोडून पाहिली आणि ती टिकली.

किल्ली लहान असेल तर मात्र काही खरं नाही. डीईएस या आधीच्या प्रमाण पद्धतीची किल्ली ५६ बिटांची, म्हणजे शून्य किंवा एक अशा ५६ अंकांची होती. १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकी संस्थेने अडीच लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात एक यंत्र बांधलं आणि ५६ तासांत ती शोधून काढली. १२८ बिटांच्या किल्लीपाशी अशी धडक चालत नाही. म्हणून समोरचा गणिताच्या वाटेला जात नाही. तो तुमचा फोन उघडा पकडतो, बॅकअप मागवतो, पासवर्डचा अंदाज बांधतो किंवा यंत्र बनवणाऱ्यालाच खिशात घालतो.

शेवटचा प्रकार कल्पनेतला नाही. स्वित्झर्लंडची क्रिप्टो एजी कंपनी अनेक देशांच्या सरकारांना गुप्तलेखनाची यंत्रं विकत असे. १९७० मध्ये अमेरिकेची सीआयए आणि पश्चिम जर्मनीची बीएनडी या गुप्तहेर संस्थांनी ती गुपचूप विकत घेतली होती, आणि हे जगजाहीर झालं २०२० मध्ये. १९९३ मध्ये अमेरिकी सरकारने फोनवरचं बोलणं एन्क्रिप्ट करणारी क्लिपर चिप आणली, तेव्हा किल्लीची प्रत सरकारकडे राहील हे उघडपणे सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी संशोधक मॅट ब्लेझ यांनी त्या रचनेतली त्रुटी दाखवली: तपासणीचा आकडा अवघा १६ बिटांचा होता, त्यामुळे सरकारी वाट चुकवून तीच चिप वापरता येत होती. योजना बारगळली.

पोलिसांसाठी ठेवलेलं दार फक्त पोलीसच वापरतील, हे गृहीतही टिकलेलं नाही. ग्रीसमध्ये २००४-०५ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या यंत्रणेतली कायदेशीर टॅपिंगची सोय कुणीतरी परस्पर चालू केली आणि पंतप्रधानांसह शंभराहून अधिक जणांचे फोन ऐकले.

पायरी शून्य: कोणापासून?

कागद घ्या आणि तीन ओळी लिहा. काय जपायचंय, कोणापासून जपायचंय, फसलं तर काय होईल. कंटाळवाणं वाटेल, पण याशिवाय पुढचं सगळं दिशाहीन होतं.

ढोबळमानाने तीन प्रकारचे पाहणारे असतात. पहिला सगळ्यांचंच सगळं गोळा करतो. त्याला तुमच्यात विशेष रस नसतो. या लेखातल्या निम्म्या पायऱ्या केल्या तरी त्याच्या हाती फार थोडं लागतं. दुसऱ्याला तुमचं नाव माहीत असतं, आणि तो कंपन्यांना आदेश पाठवतो किंवा तुमचा फोन जप्त करतो. सगळ्या पायऱ्या नीट केल्या तर त्याची बरीच दमछाक होते. तिसरा पेगॅससच्या जातीचं हेरगिरीचं सॉफ्टवेअर थेट फोनमध्ये घुसवतो. तिथे एन्क्रिप्शन काही करू शकत नाही, कारण पडद्यावर तुम्ही जे वाचता तेच तोही वाचतो. अशा वेळी आयफोनमधला लॉकडाउन मोड (हल्ल्याच्या वाटा कमी करण्यासाठी फोनच्या बऱ्याच सोयी बंद करणारा), ताबडतोब केलेले अपडेट आणि नाजूक कामासाठी वेगळं उपकरण एवढंच हाती उरतं.

पायरी एक: फोन

अपडेट आलं की त्याच दिवशी करा. ज्या फोनला सुरक्षा अपडेट येणं थांबलंय, त्यावर पुढचं काहीही करून उपयोग नाही.

आता पिन. चार आकडी पिनच्या शक्यता १०,०००, सहा आकडीच्या १० लाख. फोनमधली चिप चुकीच्या प्रयत्नांमध्ये वाढती विश्रांती घ्यायला लावते, पण जप्त फोन उघडायची यंत्रं हीच मर्यादा चुकवू पाहतात. अ‍ॅपलच्या रचनेत एका प्रयत्नाला साधारण ८० मिलिसेकंद लागतात. मर्यादा हटली असं धरलं, तर सहा आकडे जास्तीत जास्त २२ तासांत संपतात. दहा आकड्यांना तीच गती २५ वर्षं घेते. म्हणून किमान दहा आकडे ठेवा, तेही मनाने न निवडलेले. जन्मतारीख आणि कीपॅडवरच्या सरळ रेषा नकोत.

बोट आणि चेहरा सोयीचे आहेत, पण बोट धरून फोनवर टेकवता येतं. गर्दीत पिन कुणी पाहू नये म्हणून बोट बरं, अटकेची शक्यता असेल तिथे पिन बरा. आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाजाचं कुठलंही एक बटण दोन सेकंद एकत्र दाबून धरलं की पुढच्या वेळी चेहरा चालत नाही, पासकोडच लागतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये याच कामासाठी पॉवर बटणाच्या यादीत ‘लॉकडाउन’ असतं. नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करा.

त्याहून चांगलं म्हणजे फोन बंद करणं. फोन सुरू केल्यावर पहिल्यांदा पिन टाकेपर्यंत बहुतेक किल्ल्या मेमरीत आलेल्याच नसतात. एकदा पिन टाकला की पडद्याला कुलूप लागलं तरी त्या तिथेच राहतात, आणि फोन उघडणाऱ्या यंत्रांचा मोठा भर याच अवस्थेवर असतो. सीमा ओलांडताना, मोर्चाला जाताना, दुरुस्तीला देताना फोन पूर्ण बंद करा.

आणि लॉक पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसणं बंद करा. एवढी कुलपं लावून चिठ्ठी दारावरच डकवणारे कमी नाहीत.

पायरी दोन: पासफ्रेज

पासफ्रेज म्हणजे अनेक शब्दांचा लांब पासवर्ड. इथे घाई करू नका, कारण सगळी इमारत यावर उभी आहे. माणसाच्या डोक्यातून निघालेला पासवर्ड यादृच्छिक, म्हणजे अंदाज न बांधता येण्यासारखा, नसतो. म्हण, कवितेची ओळ, मुलाचं नाव आणि पुढे साल, ‘ए’च्या जागी ‘अ‍ॅट’चं चिन्ह, या सगळ्या चलाख्या फोडणाऱ्यांच्या याद्यांत कधीच्याच जमा आहेत. डोक्याला या कामातून सुट्टी द्या आणि फासे घ्या.

पद्धतीचं नाव डाइसवेअर. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी ती १९९५ मध्ये मांडली. ७,७७६ शब्दांची यादी असते; हा आकडा सहाचा पाचवा घात आहे. पाच फासे टाकले की पाच आकड्यांची संख्या मिळते आणि तिच्यापुढचा शब्द तुमचा. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१६ मध्ये काढलेली यादी लक्षात ठेवायला सोपी आहे.

किती शब्द? एका शब्दात सुमारे १२.९ बिट येतात. फोडणाऱ्याकडे सेकंदाला एक लाख कोटी प्रयत्नांची ताकद आहे असं धरू. चार शब्द सरासरी अर्ध्या तासात जातात. पाच शब्दांना साडेपाच महिने लागतात, सहा शब्दांना साडेतीन हजार वर्षं. म्हणून सहा.

करताना घ्यायची काळजी:

१. फासे खरे घ्या, अ‍ॅपमधले नकोत. एकच फासा पाच वेळा टाकला तरी चालतो.
२. सुटा कागद कडक पृष्ठभागावर ठेवून लिहा. वहीत लिहिलंत तर खालच्या पानावर ठसा उमटतो.
३. शब्द आवडला नाही म्हणून पुन्हा फासे टाकू नका. निवड आली की यादृच्छिकता गेली. क्रमही बदलू नका.
४. दोन शब्दांमध्ये जागा किंवा आडवी रेघ ठेवा. नाहीतर दोन छोटे शब्द जोडून तिसराच तयार होतो आणि शक्यता घटतात.
५. पहिले आठवडाभर दिवसातून दोनदा टाइप करा. हात सरावला की कागद जाळा, किंवा पाकिटात बंद करून तुमच्या घराबाहेरच्या सुरक्षित जागी ठेवा.

मराठी शब्दांची स्वतःची यादी केली तर चालेल का? जरूर, पण टाइप रोमन लिपीत करायचं. संगणक सुरू होताना डिस्कचा पासफ्रेज मागणाऱ्या पडद्यावर देवनागरी कीबोर्ड बहुधा नसतोच. शिवाय देवनागरीतलं एकच अक्षर आतून दोन प्रकारांनी लिहिलं जाऊ शकतं. ‘ऱ’ हे एक चिन्ह म्हणूनही साठवता येतं आणि ‘र’ अधिक नुक्ता म्हणूनही. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, संगणकाला ती वेगळी असतात. एका कीबोर्डवर बनवलेला पासफ्रेज दुसऱ्यावर नाकारला जातो आणि माणूस आपली स्मरणशक्ती गेली असं समजून रडत बसतो. रोमनमध्येही ‘कंदील’ मधली दीर्घ ‘दी’ एका ‘आय’ने लिहायची की दोन ‘ई’ने, हे यादी करतानाच कायमचं ठरवून टाका.

डोक्यात ठेवायच्या गोष्टी तीनच: फोनचा पिन, डिस्कचा पासफ्रेज, पासवर्ड मॅनेजरचा (सगळे पासवर्ड एका कुलपात जपणाऱ्या प्रोग्रॅमचा) पासफ्रेज. बाकी सगळं मॅनेजरमध्ये, प्रत्येक खात्याला वेगळा २० अक्षरी पासवर्ड. कीपासएक्ससी हा मॅनेजर सगळं तुमच्याच यंत्रावरच्या एका फाइलमध्ये ठेवतो, किल्ली कुणाकडे या प्रश्नाचं सरळ उत्तर. फाइलच्या प्रती करायचं काम मात्र तुमच्यावर येतं. तिची एकच प्रत ठेवणारा माणूस पाळतीने होईल त्यापेक्षा मोठं नुकसान करून घेतो.

दुसऱ्या टप्प्याच्या पडताळणीसाठी, म्हणजे पासवर्डनंतर मागितल्या जाणाऱ्या आणखी एका पुराव्यासाठी, एसएमएस शेवटचा पर्याय. सिम दुसऱ्याच्या नावे काढून घेता येतं, आणि मोबाइल कंपनी कुणाचं ऐकते हे वेगळं सांगायला नको. दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड देणारं अ‍ॅप त्याहून बरं. हार्डवेअर किल्ली, म्हणजे संगणकाला जोडायचं छोटं उपकरण, सर्वांत चांगली, कारण ती संकेतस्थळाचं नाव स्वतः तपासते आणि नकली पानाला उत्तर देत नाही. घ्याल तर दोन घ्या आणि दोन्ही एकाच दिवशी नोंदवा. सुरुवात ईमेल खात्यापासून करा, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात.

पायरी तीन: डिस्क

आधी बॅकअप, मग एन्क्रिप्शन. उलट क्रमाने करणारे दरवर्षी काही ना काही गमावतात.

लिनक्सवर नवीन प्रणाली टाकतानाच पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करायचा पर्याय निवडा. नंतर करता येतं, पण वेळ आणि धोका दोन्ही वाढतात. लिनक्सच्या एलयूकेएस या डिस्क एन्क्रिप्शनमध्ये डिस्कच्या सुरुवातीला एक शीर्षभाग असतो आणि खरी किल्ली तिथे तुमच्या पासफ्रेजने बंद केलेली असते. तो भाग खराब झाला तर बरोबर पासफ्रेज असूनही सगळं गेलं. म्हणून त्याची प्रत दुसऱ्या एन्क्रिप्टेड ड्राइव्हवर ठेवा. पण लक्षात असू द्या: पुढे पासफ्रेज बदललात, तरी ती जुनी प्रत जुन्या पासफ्रेजने उघडतेच.

मॅकवर हेच काम फाइलव्हॉल्ट करतं. चालू करताना रिकव्हरी किल्ली (पासवर्ड विसरलात तर डिस्क उघडणारी) आयक्लाउडवर ठेवायची का असं विचारलं जाऊ शकतं. नाही म्हणा, आणि किल्ली कागदावर उतरवा.

विंडोजवर खरी गोम आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच यंत्रांवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते आणि ४८ आकड्यांची रिकव्हरी किल्ली त्याच खात्यात जाऊन बसते. म्हणजे कुलूप तुमचं, दुसरी किल्ली कंपनीकडे. तिथून ती नुसती पुसून भागत नाही, कारण एकदा गेलेली प्रत परत आली असं मानता येत नाही. एन्क्रिप्शन बंद करा, डिस्क पूर्ण उघडू द्या, मग पुन्हा चालू करताना किल्ली छापून घ्या. प्रो आवृत्ती असेल तर बिटलॉकरला, म्हणजे विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनला, सुरुवातीचा पिनही लावा. तो नसला तर यंत्र सुरू होताच किल्ली सांभाळणारी आतली चिप ती आपणहून देऊन टाकते. होम आवृत्तीवर व्हेराक्रिप्ट या एन्क्रिप्शनच्या प्रोग्रॅमचा पर्याय आहे.

सगळीकडे लागू पडणारी गोष्ट: लॅपटॉप मिटून ठेवणं म्हणजे बंद करणं नव्हे. झोपेत किल्ली मेमरीतच असते. वीज तोडल्यावरही मेमरीतला मजकूर काही क्षण टिकतो आणि चिप थंड केली तर आणखी टिकतो, हे प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. बाहेर पडताना यंत्र खरोखर बंद करा. आणि एसएसडी (हल्लीच्या लॅपटॉपमधली चिपवर साठवणारी डिस्क) नंतर पुसून साफ करू असं ठरवू नका. लिहिलेला मजकूर नेमका कुठे पडला हे ती तुम्हाला सांगत नाही, म्हणून पहिली फाइल टाकण्याआधीच ती एन्क्रिप्ट झालेली हवी.

पायरी चार: बोलणं

संदेश आणि कॉलसाठी सिग्नल हे अ‍ॅप घ्या. इतरही आहेत, पण नवख्याने सिग्नलपासून सुरुवात करावी, आणि त्याचं कारण एन्क्रिप्शनच्याही पुढचं आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका ग्रँड ज्युरीने (आरोप ठेवायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) सिग्नलकडून वापरकर्त्यांची माहिती मागवली. त्यांना देता आल्या त्या दोनच गोष्टी: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकी काही साठवलेलंच नव्हतं.

व्हॉट्सअ‍ॅप मजकुरासाठी सिग्नलचीच एन्क्रिप्शनची पद्धत वापरतं, पण कोण कुणाशी कधी बोललं ही माहिती वेगळी, आणि ती कंपनीपाशी जमू शकते. टेलिग्रामबद्दलचा गैरसमज मात्र फारच पसरलेला आहे. तिथलं साधं चॅट टोकापासून टोकापर्यंत, म्हणजे फक्त बोलणाऱ्या दोघांनाच उघडता येईल असं, एन्क्रिप्टेड नसतं, ग्रुप तर कधीच नसतो. फक्त ‘सीक्रेट चॅट’ असतं, आणि ते दरवेळी हाताने सुरू करावं लागतं.

सिग्नल टाकल्यावर सेटिंगमध्ये जा. फोन नंबर कुणाला दिसावा यात ‘कुणालाच नाही’ निवडा आणि युजरनेम बनवा. रजिस्ट्रेशन लॉक चालू करा, म्हणजे तुमचं सिम पळवणाऱ्याला नुसत्या एसएमएसवर खातं मिळणार नाही. नाहीसे होणारे संदेश सरसकट चार आठवड्यांवर ठेवा, नाजूक चॅटसाठी एका दिवसावर. ‘जोडलेली उपकरणं’ महिन्यातून एकदा तपासा. ग्रुपचं आमंत्रण म्हणून क्यूआर कोड पाठवायचा आणि तो स्कॅन करणाऱ्याच्या खात्याला स्वतःचा संगणक जोडून घ्यायचा, अशी फसवणूक २०२५ च्या सुरुवातीला उघडकीला आली. त्यात एन्क्रिप्शनला धक्काही लागत नाही, एक वाचक वाढतो इतकंच.

मग पडताळणी. हीच पायरी बहुतेक जण गाळतात. तुम्ही ज्या किल्लीने संदेश बंद करता ती खरंच तुमच्या मित्राची आहे, की मध्ये बसलेल्या कुणाची? याचं उत्तर ६० आकड्यांच्या सेफ्टी नंबरमध्ये आहे. चॅटमध्ये मित्राच्या नावावर टॅप करा, सेफ्टी नंबर उघडा आणि समोरासमोर भेटून एकमेकांचा क्यूआर कोड स्कॅन करा. भेट शक्य नसेल तर दुसऱ्या मार्गाने, ओळखीच्या आवाजात आकडे वाचून दाखवा. त्याच चॅटमध्ये आकडे पाठवून खात्री करणं म्हणजे तू चोर आहेस का असं चोरालाच विचारणं. मित्राने फोन बदलला की हा नंबर बदलतो. बदल दिसला तर आधी विचारा, मग लिहा.

पायरी पाच: बॅकअप, म्हणजे मागचं दार

संदेश वाटेत कितीही सुरक्षित असला, तरी रात्री दोन वाजता तो उघड्या रूपात क्लाउडवर जात असेल तर सगळं फुकट. आणि तुमचा बॅकअप नीट असून भागत नाही, समोरच्याचाही हवा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चॅट बॅकअपच्या सेटिंगमध्ये टोकापासून टोकापर्यंत एन्क्रिप्टेड बॅकअप वेगळा चालू करावा लागतो. तिथे पासवर्डऐवजी ६४ अक्षरांची किल्ली निवडता येते. ती पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा.

आयक्लाउडसाठी अ‍ॅपलने डिसेंबर २०२२ मध्ये प्रगत डेटा संरक्षण आणलं. ते चालू केलं की बहुतेक बॅकअपच्या किल्ल्या फक्त तुमच्या उपकरणांवर राहतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनमधल्या नव्या वापरकर्त्यांसाठी अ‍ॅपलने ते बंद केलं, कारण तिथल्या सरकारने गुप्त नोटिशीद्वारे त्या माहितीपर्यंत वाट मागितल्याच्या बातम्या नुकत्याच आल्या होत्या. कंपनीने दिलेली सोय कंपनीकडून काढूनही घेता येते. म्हणून खऱ्या महत्त्वाच्या गोष्टींचा बॅकअप स्वतः एन्क्रिप्ट केलेल्या दोन ड्राइव्हवर घ्या. एक घरी, दुसरी वेगळ्या इमारतीत.

एन्क्रिप्शन काय झाकत नाही

पाकिटाच्या आतलं पत्र झाकलं जातं, पाकिटावरचा पत्ता नाही. कोण, कुणाशी, कधी, किती वेळ, कुठून, यालाच मेटाडेटा म्हणतात. यंत्रांना तो मजकुरापेक्षा जास्त आवडतो, कारण तो मोजता येतो. रात्री अकराला वकिलाला फोन, सकाळी सातला पत्रकाराला: आतलं एक वाक्य न ऐकताही गोष्ट कळते.

मोबाइल चालू असेल तर तो जवळच्या टॉवरशी बोलत असतो. हे कुठल्याही अ‍ॅपने थांबत नाही. जिथे असल्याची नोंद नको, तिथे फोन नेऊ नका. आणि तिथेच जाऊन तो बंद करू नका, कारण एकाच ठिकाणी एकाच वेळी दहा फोन गायब होणं हीही नोंदच.

फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात. २०१२ मध्ये फरार असलेल्या, अँटिव्हायरससाठी प्रसिद्ध असलेल्या जॉन मॅकअ‍ॅफी यांचा ठावठिकाणा एका मासिकाने छापलेल्या फोटोतल्या अशाच नोंदीमुळे उघडा पडला, ते ग्वाटेमालात निघाले. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये स्थान बंद करा, आणि पाठवण्याआधी फोटोचा स्क्रीनशॉट काढून तो पाठवा. पीडीएफमध्ये मजकुरावर काळी पट्टी ओढणं हाही असाच भ्रम आहे. पट्टीखालची अक्षरं निवडून कॉपी करता येतात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका गाजलेल्या खटल्यात वकिलांच्या कागदपत्रांतून नेमकं हेच झालं. पट्टी ओढल्यावर पानाचं चित्र करा आणि तेच चित्र द्या.

पायरी सहा: व्हीपीएन आणि टॉर

व्हीपीएन म्हणजे तुमचं सगळं इंटरनेट स्वतःच्या सर्व्हरमधून फिरवणारी सेवा. तिच्याबद्दल थोडक्यात: तुमची इंटरनेट कंपनी जे पाहत होती ते आता व्हीपीएन कंपनी पाहते. विश्वास एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला. कधी तो फायद्याचा सौदा असतो, पण याने कुणी अनामिक होत नाही.

टॉर हे अनामिकपणे इंटरनेट वापरण्यासाठीचं जाळं आहे, त्याची रचना वेगळी आहे. तुमची विनंती तीन थांब्यांतून जाते. पहिल्याला तुम्ही कोण हे कळतं पण कुठे जाताय हे नाही, शेवटच्याला उलट. एकाच कंपनीला आदेश देऊन पूर्ण चित्र मिळत नाही. मात्र दोन्ही टोकं पाहू शकणारा वेळांची सांगड घालू शकतो, ही या रचनेची मूळ मर्यादा आहे.

टॉर ब्राउझर प्रकल्पाच्या अधिकृत जागेवरूनच उतरवा. सुरक्षेची पातळी एक पायरी वर न्या. त्यात एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरची जोड-सोय, टाकू नका, कारण वेगळेपणा हीच ओळख ठरते. तिथून स्वतःच्या नेहमीच्या खात्यात शिरू नका. उतरवलेली कागदपत्रं इंटरनेट बंद केल्यावरच उघडा. काही फाइली उघडताच परस्पर बाहेर संपर्क साधतात. जिथे टॉर अडवलेलं आहे तिथे सेटिंगमधून ब्रिज, म्हणजे जाहीर यादीत नसलेला पहिला थांबा, निवडा.

गर्दी नसेल तर मुखवटा कामाचा नाही, हे २०१३ मध्ये हार्वर्डमधल्या एका विद्यार्थ्याला कळलं. परीक्षा टळावी म्हणून त्याने टॉरवरून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. टॉर कुणी फोडलं नाही. त्या सुमारास विद्यापीठाच्या नेटवर्कवरून टॉर वापरणारे कोण, एवढंच पाहिलं गेलं.

पायरी सात: ईमेल, गरज असेल तरच

फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये ईमेल आणि फाइली एन्क्रिप्ट करणारं पीजीपी लोकांना दिलं. शस्त्र निर्यातीच्या कायद्याखाली अमेरिकी सरकारने त्यांच्यामागे १९९६ पर्यंत चौकशी लावली आणि आरोप न ठेवताच ती सोडून दिली. त्या लढ्याबद्दल आदर ठेवूनही सांगतो: आज दोन माणसांच्या बोलण्यासाठी पीजीपी हा पहिला पर्याय नाही. विषयाची ओळ सहसा उघडी राहते. किल्ली एकदा गेली की तिच्यासाठी आलेला जुना सगळा पत्रव्यवहार उघडतो. सिग्नल किल्ल्या सतत बदलत राहतो, त्यामुळे तिथे तसं होत नाही. पण संस्थेला ईमेलवरच लिहायचं असेल, किंवा फाइलवरची सही तपासायची असेल, तर दुसरा इलाज नाही.

थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅममध्ये २०२० पासून ही सोय आतच आहे. खात्याच्या सेटिंगमध्ये किल्लीची जोडी (एक सगळ्यांना द्यायची, दुसरी फक्त स्वतःपाशी ठेवायची) तयार करा, मुदत दोन वर्षं ठेवा. मुदत नंतर वाढवता येते, आणि किल्ली हरवली तर ती आपोआप कालबाह्य होते. लगेच रद्दपत्र, म्हणजे किल्ली मोडीत काढणारी फाइल, वेगळ्या ड्राइव्हवर काढून ठेवा. समोरच्याची द्यायची किल्ली घेताना तिचा ४० अक्षरी ठसा, म्हणजे ती ओळखण्याची खूण, दुसऱ्या मार्गाने पडताळा. शेवटच्या आठ अक्षरांवर जाऊ नका, तेवढ्या जुळणाऱ्या नकली किल्ल्या सहज बनतात. आणि ईमेलचं एचटीएमएल (चित्रं आणि सजावट दाखवणारं रूप) बंद ठेवा: २०१८ मध्ये ईफेल नावाने उघड झालेल्या हल्ल्यात ईमेल प्रोग्रॅम स्वतःच उलगडलेला मजकूर चित्राच्या पत्त्यात घालून बाहेर पाठवत होता.

किल्लीच मागितली तर?

काही देशांत पासवर्ड न देणं हाच गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये २००० च्या कायद्याखाली नोटीस मिळाल्यावर किल्ली न दिल्यास दोन वर्षांपर्यंत, राष्ट्रीय सुरक्षेच्या प्रकरणात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. व्हेराक्रिप्टमध्ये एका कप्प्यात दुसरा लपवलेला कप्पा करता येतो, पण नवख्याने त्यावर विसंबू नये. अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी आणि दर्शनी कप्प्यातल्या जुन्या तारखा आपोआप चुगली करतात, आणि अधिकाऱ्याशी खोटं बोलणं हा वेगळा गुन्हा होऊन बसतो. जे जवळ नाही ते मागता येत नाही, म्हणून प्रवासाला कोरं उपकरण न्या आणि लागणाऱ्या फाइली पोचल्यावर उतरवून घ्या.

राहिली तालीम. महिन्याभराने एक सुट्टीचा दिवस काढा. फोन हरवला असं समजून तो कपाटात बंद करा आणि दुसऱ्या यंत्रावर फक्त डोक्यातल्या पासफ्रेजने आणि बॅकअपच्या ड्राइव्हने सगळं उभं करून पाहा: आधी पासवर्ड मॅनेजर, मग ईमेल, मग बाकीचं. बहुतेकांचं गाडं पडताळणीच्या कोडपाशी अडतं, कारण कोड देणारं अ‍ॅप कपाटातल्या फोनमध्ये असतं. प्रत्येक खात्याचे राखीव कोड त्याच संध्याकाळी छापा आणि पासफ्रेजच्या पाकिटात ठेवा.